हेटीच्या बापाची शिंक

हेटी मार्लकमची लँड रोव्हर दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि गाडीच्याही आधी हेटीच्या शिव्या ऐकू यायच्या. शिव्या इथल्या लोकांच्या अस्सल किप्सिगिस भाषेतल्या. गाय आडवी आली की गाईच्या मालकाला, चाक चिखलात रुतलं की सरकारला, आणि काहीच झालं नाही तर गाडीला. साठी उलटून बरीच वर्षं झालेली, अंगात मेलेल्या भावाचा खाकी कोट, पायात रबरी बूट, आणि गाडीचं एक दार कायमचं दोरीनं बांधलेलं. रोज सकाळी उतारावरच्या एकेका फाटकाशी थांबून ती दुधाचे कॅन गाडीत चढवायची आणि सोतिकच्या डेअरीवर नेऊन पोचवायची. परतताना त्याच गाडीतून मीठ, साखर, रॉकेल, कोणाची रुसून माहेरी गेलेली बायको, कोणाची बाळंतीण सून, असं काय वाटेल ते यायचं. भाडं कोणी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

गोरी बाई आणि दुधाचे कॅन वाहते, असं कोणी नाक मुरडून म्हणालाच तर त्यानं खुशाल म्हणावं. स्वातंत्र्य आलं तेव्हा आजूबाजूचे गोरे मळेवाले गाशा गुंडाळून गेले. हेटीच्या भावानंही मळा विकला. इथल्याच कुटुंबांनी वर्गणी काढून तो घेतला आणि आपसात वाटून घेतला. भावानं स्वतःबरोबर हेटीचंही बोटीचं तिकीट काढलं होतं. ती म्हणाली, "गाय व्यायची आहे," आणि राहिली. मळ्यातली दूध ठेवायची जुनी दगडी खोली आणि भोवतीचा भाजीचा तुकडा तेवढा तिनं आपल्याकडे ठेवला. पुढं त्या गाईच्या नाती दूध द्यायला लागल्या, भाऊ तिकडं इंग्लंडात वारला, तरी हेटी तिथंच होती.

तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि तितकीच जिवाभावाची वैरीण, म्हणजे तापकिगेन. दोघींचं नातं दुधाचं. हेटी जन्मली तेव्हा तिची आई तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. मळ्यावर राबणाऱ्या एका माणसाची बायको तेव्हा ओली बाळंतीण होती. तिनं आपली तान्ही तापकिगेन एका बाजूला घेतली आणि ही गोरी पोर दुसऱ्या बाजूला. पुढं हेटी ताडासारखी वाढली आणि तापकिगेन कमरेएवढी राहिली. याचा हिशेब तापकिगेननं जन्मभर काढला.

"काय गं दूधचोर, आज उशीर?" ती फाटकाशी उभी राहून ओरडायची.

"तुझ्या नातवाची गाय रस्त्यात बसली होती. तुझ्यासारखीच. उठता उठेना."

"बसणारच. रस्ता तिच्या बापाचा आहे. तुझ्या नाही."

यावर हेटी एक शिवी द्यायची, तापकिगेन दोन परत करायची, आणि मग दोघी मिळून कॅन उचलायच्या.

पण बापाचा विषय निघाला की हसता हसता कुठंतरी काटा लागायचा. हेटीचा बाप वॉल्टर मार्लकम टोळधाडीच्या साली इथं आला, म्हणून लोकांनी त्याला किपतालाम म्हटलं, टोळांचा. टोळ उडून गेले, तो राहिला. त्यानं उतार घेतला, ओढा घेतला, आणि हेटी मोठी झाल्यावर वरची टेकडीही घेतली. टेकडीवर तेव्हा तापकिगेनचा नवरा किमुताई याचं घर होतं, गुरं होती. आपल्या विलायती गाईंना रोग लागेल म्हणून किपतालामनं एका सकाळी ती गुरं खाली हाकलली. खाली दलदल होती. निम्मी गुरं मेली. तापकिगेन त्यानंतर एक पावसाळाभर हेटीशी बोलली नाही. मग एक दिवस आली, ओट्यावर बसली, म्हणाली, "चहा कर." त्या सकाळबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

किपतालाम आणि त्याची बायको त्याच टेकडीवर मातीत आहेत. आणि हेटीला हवं होतं ते एवढंच, की आपणही तिथं जावं. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून तोंड वाकडं केलं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण टेकडी आता सगळ्यांची, गुरांच्या चराईची, आणि तिच्याबद्दलचा निर्णय वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, कोकवेतमध्ये व्हायचा. इथंच माशी शिंकली.

कोकवेतचा प्रमुख अरप मारितिम हा दात नसलेला म्हातारा. तो तिच्या दगडी खोलीत येऊन बसला, मुर्सिकचं आंबट दूध पोटभर प्यायला, भोपळ्याचा तुंबा पालथा करून बघितला, आणि मग बोलला.

"चेबो किपतालाम," तो म्हणाला. गावात तिला सगळे असंच म्हणत, किपतालामची लेक. "तू आमचं दूध नेतेस, आमच्या सुना दवाखान्यात नेतेस. मागशील ते द्यावं असं मला वाटतं. पण टेकडी माझ्या एकट्याची नाही. तिथं माणूस ठेवायचा तर तो कोणाचा ते सांगावं लागतं. नाहीतर जमिनीलाच कळायचं नाही, हा पाहुणा कोणाकडचा."

"मग मी काय करू?"

"पुढच्या कोकवेतला ये. कूळ सांग, कुळाचा प्राणी सांग, बाप, आजा, पणजा, जमेल तितकं मागं जा. ऐकणारे ऐकतील."

हेटी मनातून खूष झाली. कूळ सांगणं तिला काय अवघड! बापानं दर रविवारी जेवणानंतर काटा-चमचा खाली ठेवून तेच तर घोकून घेतलं होतं. वॉल्टर फ्रेडरिकचा, फ्रेडरिक जोसायाचा, आणि जोसाया हा मार्लकम गावच्या त्या थोर मार्लकमांचा, ज्यांच्या वाड्यापुढं तळं होतं आणि तळ्यात काळे हंस होते. "गावाचं नाव मार्लकम, आपलं नाव मार्लकम. आणखी काय पुरावा पाहिजे?" असं म्हणून तो मिशीवरून हात फिरवायचा. आडनावात गाव असलं म्हणून गाव आपलं होत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही 'करां'ना ठाऊक आहे. पण त्या मळ्यावर तसं सांगायला कोणी नव्हतं.

काळ्या हंसांवर हेटी वाढली. स्वतःच्या देशात तिनं कधी पाऊल टाकलं नाही, पण ते तळं तिला आपल्या ओढ्याइतकं ओळखीचं होतं. कुळाचा प्राणी हंसच सांगू, हे तिनं लगेच ठरवून टाकलं. आणि तेवढ्यावर भागवलं असतं तरी चाललं असतं. पण हौस! भावाची मुलगी रोझलिंड त्या महिन्यात भेटायला येणार होती, आणि तिला घराण्याची मुळं खणायचं भलतं वेड. हेटीनं तिला निरोप धाडला, येण्याआधी मार्लकमला जाऊन जोसायाच्या मागच्या दोन-तीन पिढ्या घेऊन ये, कोकवेतला तोंड वर करून सांगायच्या आहेत.

रोझलिंड आली. तिनं आत्याला मिठी मारली, गाई पाहिल्या, तापकिगेनच्या हातचं खाल्लं, पण मार्लकमचं नाव काढीना. शेवटी कोकवेतच्या आदल्या दिवशी जेवताना बोलली.

"आत्या, मी मार्लकमला जाऊन आले."

"हंस पाहिलेस?"

"पाहिले. अजून आहेत."

"मग झालं तर!"

"तळं आपलं नाही, आत्या. कधीच नव्हतं. वाडाही नाही. ते घराणंच वेगळं आहे. आपला जोसाया त्यांच्याकडे हंसांना दाणे टाकायच्या कामावर होता."

हेटीनं घास तसाच हातात धरला. "असेल. पडता काळ आला असेल. त्याच्या बापाचं नाव काय?"

"नाही."

"नाही म्हणजे? मेला असेल, पण नाव तर असेल!"

रोझलिंडनं हात पुढं करून तिचा हात धरला. "जोसायाला कोणीतरी चर्चच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. सलगमाच्या टोपलीत. ज्या पोरांचं कोणी नसायचं त्यांना गावाचंच नाव लावायची तिथं रीत होती. चर्च झाडणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं मला. म्हणाला, अशी मार्लकम खूप झाली इथं. एकमेकांची कोणी नव्हेत."

हेटी उठली आणि तिनं चुलीवर चहाचं भांडं ठेवलं. भांड्यात पाणी नव्हतं. ते करपायला लागलं तरी ती पाठ करूनच उभी होती. तिला बापाचा राग आला, असा की मेलेल्या माणसाला पुन्हा उठवून जाब विचारावा. इतके रविवार! पण बापाला तरी ठाऊक होतं का? की त्यालाही त्याच्या बापानं जेवणानंतर हंसच वाढले होते? मग राग ओसरला आणि ती टोपली तेवढी डोळ्यांपुढं राहिली.

"त्याला दूध कोणी पाजलं असेल गं?" तिनं विचारलं.

रोझलिंडनं चुलीवरचं करपलेलं भांडं उतरवलं.

"आत्या, ऐक माझं," थोड्या वेळानं रोझलिंड म्हणाली, "उद्या आजोबा सांगायचे तेच सांग. तळं सांग, हंस सांग. इथून कोण तपासायला जाणार आहे?"

हेटी करपलेलं भांडं घासत बसली.

दुसऱ्या दिवशी रानअंजिराच्या झाडाखाली कोकवेत भरला. पुरुष गवतावर बसले. बायका जरा लांब, पण ऐकू येईल इतपत, आणि सगळ्यांत पुढं तापकिगेन, मांडीवर तपकिरीची डबी. हेटीनं कोट झटकला आणि उभी राहिली.

"बाप वॉल्टर. तुमचा किपतालाम. त्याचा बाप फ्रेडरिक. त्याचा बाप जोसाया."

"आणि त्याचा?" अरप मारितिमनं विचारलं.

हंस अगदी जिभेवर आले होते. एक वाक्य बोलायचं, म्हातारे माना डोलावणार, टेकडीवर जागा मिळणार. खोटं म्हणावं तर तेही धड खोटं नाही, बापानं शिकवलेलंच की. हेटीनं लोकांकडं पाहिलं. यांच्या गाई तिनं अडल्यावर मोकळ्या केल्या होत्या, यांची पोरं तिच्या गाडीत ओकली होती. यांच्या जमिनीत कायमचं झोपायचं आणि आत शिरताना थाप मारायची, हे तिच्यानं होईना.

"त्याचा कोणी नाही," ती म्हणाली. "त्याला कोणीतरी टाकून दिलं होतं. टोपलीत. बाप रविवारी जे सांगायचा ते खरं नव्हतं. मला काल कळलं. कूळ नाही. प्राणीही नाही."

खोटं इतकं हाताशी असताना ते सोडून देणारी माणसं विरळाच. हेटी त्यांतली. पण त्या क्षणी तिला तसं काही वाटलं नाही. 

"मला वाटायचं, गोऱ्यांकडं सगळ्याचे कागद असतात," अरप मारितिम म्हणाला.

"असतात. आमचे संपले."

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. कूळ नसणं ही तिथं हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. गुरं नसलेल्याला गुरं देता येतात. कूळ नसलेल्याला काय द्यायचं?

मग तापकिगेनचा नातू किपकोरिर उभा राहिला. तो शाळेत मास्तर होता, नाकासमोर चालणारा पोरगा, बायको चेबोर दिवस भरत आलेली.

"कोगो," तो हेटीला म्हणाला. कोगो म्हणजे आजी. "मी तुमच्या गाडीतून शाळेला गेलोय. ते विसरलो नाही. पण बोलायलाच पाहिजे. त्या टेकडीवर माझ्या आजोबांचं घर होतं. किपतालामनं गुरं हाकलली तेव्हा त्यानं आजोबांना विचारलं नाही, तुझा बाप कोण, आजा कोण. तुम्ही विचारताय, हा तुमचा मोठेपणा. पण मी हो म्हटलं तर आजोबांना काय तोंड दाखवू?"

"खरं बोलतोय तो," हेटी म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवशी निकाल झाला नाही. अरप मारितिम म्हणाला, विचार करू. विचार करू म्हणजे काय, हे हेटीला चांगलं ठाऊक होतं. सरकारही तेच म्हणतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी रोजच्या वेळेला निघाली. शिव्या मात्र ऐकू आल्या नाहीत. लोक फाटकाशी येऊन कान देऊन उभे राहिले, आणि शिव्यांशिवाय आलेली ती गाडी बघून त्यांनाच चुकल्यासारखं झालं. तापकिगेनच्या फाटकाशी तिनं इंजिन बंद केलं.

"मी रोझलिंडबरोबर जाते," ती म्हणाली. "परक्यांतच पुरायचं तर तिकडं काय वाईट? पोर निदान फुलं तरी ठेवेल."

"जा की. धरून ठेवलंय कोणी?" तापकिगेननं तोंड फिरवलं. "त्या टोपलीशेजारी पुरा म्हणावं."

"तसंच सांगते."

"सांग. आणि माझ्या आईचं दूध प्यायलीस, ते कुठं ठेवून जाणारेस तेही सांग!"

तापकिगेनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मेली तपकीर फार तेज आहे," ती म्हणाली. डबी अजून उघडलेलीही नव्हती.

हेटीची बांधाबांध चालली असतानाच चेबोरच्या कळा सुरू झाल्या. किपकोरिर धावत आला. हेटीनं गाडीला चावी लावली तर गाडी ढिम्म. हेटी जाणार हे तिला कळलं होतं की काय कोण जाणे, पण तिनं असा रुसवा धरला की हेटीच्या साठलेल्या सगळ्या शिव्या एकदम बाहेर पडल्या. शेवटी इंजिन धडधडलं तेव्हा तिकडं मुलगा होऊन गेला होता. गुरं घरी परतायची वेळ, म्हणून नाव किप्रोतिच.

पण ते वेळेचं नाव झालं. खरं नाव अजून ठरायचं होतं. मूल येतं ते एकटं येत नाही, गेलेल्यांतलं कोणीतरी त्याच्यातून परत येतं. कोण आलंय ते ओळखायला म्हाताऱ्या बायका जमतात आणि गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारतात. ज्या नावाला मूल शिंकेल तो आला. शिंक लवकर यावी म्हणून तपकीर असते.

सकाळी सगळ्या म्हाताऱ्या झोपडीत बसल्या. तापकिगेननं हेटीलाही ओढून आणलं. "दुधाची आहेस, बस गुपचूप. जायचंय ते उद्या जा."

पहिलं नाव अर्थातच किमुताईचं. पोराचा पणजोबाच तो. सगळ्यांना खात्रीच होती, बाहेर किपकोरिरही तेच ऐकायला कान लावून उभा होता.

"किमुताई! ये!"

पोर टक लावून छपराकडं बघत राहिलं.

"किमुताई!"

काही नाही. तापकिगेननं बोटानं तपकीर नाकाजवळ नेली. तरी नाही.

"जिवंतपणी कधी पहिल्या हाकेला ओ दिली नाही, आता देतोय!" तापकिगेन वैतागली. मग किमुताईचा बाप झाला, दोन भाऊ झाले, लढाईत गेलेला चुलता झाला. पोरानं जांभई दिली. चेबोर घाबरली. एक म्हातारी कुजबुजली की नावं संपत आली.

तापकिगेननं डबी पुन्हा उघडली. मग तिनं चांगली दाबून चिमूट घेतली, पोराच्या नाकाशी धरली आणि हळूच, गाईला हाक मारावी तसं म्हणाली, "किपतालाम."

पोर शिंकलं. सगळं अंग हलवून शिंकलं. आणि लगेच दुसऱ्यांदा.

झोपडीतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "तो आपल्या कुळाचा नव्हे!"

"नव्हता," तापकिगेन म्हणाली. "आता झाला. शिंकला ना?"

"पण तू पुकारलंस कशाला?"

"त्याची लेक माझ्या आईच्या अंगावर प्यायली. मला तेवढं नातं पुरतं. तुला पुरत नसेल तर घरी जा."

बाहेरून किपकोरिरनं विचारलं, "कोण आलं? आजोबा?"

"किपतालाम."

दारातून दिसणारा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आजी! तू मुद्दाम केलंस!"

"शिंक काय माझ्या हातात असते?" तापकिगेन म्हणाली. हातात डबी उघडी होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

"त्यानं आजोबांची गुरं मारली, आणि तू त्याला माझ्या घरात..."

"म्हणून तर धाडलाय त्याला! तुझ्या आजोबांनीच धाडला असणार. माझ्याच नवऱ्याला मी ओळखत नाही होय? म्हणाला असेल, जा, ज्याची गुरं हाकललीस त्याच्या नातवाची गुरं राख. उन्हात राख, पावसात राख, माश्या मार. फेडू दे की त्याला. तुझं काय जातंय?"

किपकोरिरनं दारातूनच हात पुढं केले. पोर त्याच्या हातात आलं. लाल, सुरकुतलेलं, मुठी वळलेलं. तो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. एवढासा जीव, याच्यावर कुठवर डाफरणार? पोरानं तिसरी शिंक दिली. किपकोरिर हसला, मग त्याला हसू आवरेना, आणि हसता हसताच त्यानं बाहीनं डोळे पुसले.

हेटी कोपऱ्यात रडत होती. लहान मुलासारखी, तोंड न झाकता. तापकिगेननं पोर आणून तिच्या मांडीवर ठेवलं.

"घे. तुझा बाप. सांग त्याला, हंस आपले नव्हते म्हणून."

"आता ठाऊक असेल त्याला," हेटी म्हणाली. इतकी वर्षं ती मागं मागं शोधत गेली होती आणि तिथं एक टोपली निघाली होती. इथं तिचा बाप तिच्या मांडीवर होता, आणि त्यानं कोट ओला केला होता.

पुढच्या कोकवेतला अरप मारितिमनं तिला पुन्हा उभं केलं. चेहरा असा गंभीर, की याच्या कानावर काही गेलंच नाही असं वाटावं.

"कूळ?"

"तुरेवाल्या सारसाचं." हे तापकिगेनच्या घराचं कूळ.

"बाप?"

"किपतालाम. हल्ली किप्रोतिच म्हणतात."

"कुठं असतो?"

सगळ्यांच्या माना वळल्या. "चेबोरच्या पाठीवर," हेटी म्हणाली. "झोपलाय."

आता मात्र सगळे हसले, आणि या वेळी मधेच कोणी गप्प झालं नाही. हसणं ओसरल्यावर अरप मारितिमनं किपकोरिरकडं पाहिलं. "तिच्या बापाला अजून बोलता येत नाही. त्याच्या वतीनं तूच बोल. देतोस जागा?"

किपकोरिर उभा राहिला. "देतो," तो म्हणाला. "पण माझी अट आहे. आधी तिच्या बापानं त्या टेकडीवर माझी गुरं राखायची. तो काठी धरण्याएवढा होईपर्यंत कोगोनं मरायचं नाही."

 हेटीनं मान डोलावली.

रोझलिंड एकटीच परत गेली. जाताना तिनं घराण्याचा तो अर्धवट तक्ता पुढं केला. "आत्या, या मुलाला कुठं लिहू? वर की खाली?"

"दोन्हीकडं लिही," हेटी म्हणाली, "आणि मधे रेघ ओढ."

छातीला नळी लावणाऱ्या डॉक्टरनं तिला वर्षभराची मुदत दिली होती. हेटीनं त्याला आणि त्याच्या मुदतीला जी शिवी दिली ती दवाखान्यात अजून सांगतात. दुधाचे कॅन तिनं उचलायचं सोडलं, पण गाडी सोडली नाही. आणि मग काही वर्षांनी एका सकाळी, तापकिगेन एका हाताशी आणि काठी दुसऱ्या हाताशी धरून, धापा टाकत ती टेकडीच्या पायथ्याशी येऊन बसली. वरून गुरांच्या घंटा येत होत्या. गुरांच्या मागं एक पोरगं, काठी त्याच्याहून लांब, चेहऱ्यावर साऱ्या टेकडीचा कारभार.

एक तांबडी गाय वाट सोडून मक्याच्या शेताकडं वळली.

"बाबा!" हेटी खालून ओरडली. "अहो बाबा! ती तांबडी बघा, मक्यात शिरतेय!"

किप्रोतिचनं वळून पाहिलं. वैतागलेल्या बापासारखं त्यानं कमरेवर हात ठेवला.

"दिसतंय मला, पोरी," तो म्हणाला. "तू बस तिथंच. पडशील."